विमान निवृत्त होते तेव्हा

मनुष्याने निर्माण केलेली प्रत्येक वस्तू कधी ना कधी जुनी होते. बैलगाडीचा कणा झिजतो, सायकलीची साखळी सैल पडते, एस.टी.ची गाडी खडखडू लागली की तिचे वय न विचारताही कळते. परंतु विमानाची गोष्ट थोडी निराळी आहे. वीस-पंचवीस वर्षे आकाशात फिरलेल्या विमानाला नवा रंग दिला, आतील आसने बदलली, म्हणजे ते जुने आहे की नवे हे सामान्य प्रवाशाला ओळखता येत नाही. मग विमानाचे वय झाले, हे ठरवितो कोण? ते कशावरून ठरवितो? काम थांबले म्हणजे एवढे अजस्र यंत्र जाते तरी कोठे? आणि त्याच्या जागी दुसरे विमान आणले, तर ज्यांनी आधीच तिकिटे काढून ठेवली आहेत त्यांच्या आसनांचे काय होते?

२०२४ सालच्या एप्रिल महिन्याच्या २२ तारखेला मुंबईच्या विमानतळावरून एक प्रचंड विमान आकाशात झेपावले. ते एअर इंडियाचे बोइंग ७४७-४०० जातीचे विमान होते. त्याचे नाव ‘आग्रा’. त्याच्या भगिनी-विमानांना ‘अजंठा’, ‘खजुराहो’, ‘वेल्हा गोवा’ अशी देशातील प्रसिद्ध स्थळांची नावे दिलेली होती. त्या दिवशी ‘आग्रा’ विमानात एकही प्रवासी नव्हता. ते अमेरिकेतील प्लेनफील्ड ह्या गावी चालले होते आणि परत येणार नव्हते. उड्डाण केल्यावर वैमानिकांनी विमान किंचित एका बाजूस व मग दुसऱ्या बाजूस कलविले. विमानांच्या जगात निरोप घेण्याची हीच रीत आहे. ज्या शहराने १९७१ साली एअर इंडियाच्या पहिल्या ७४७ विमानाचे, ‘सम्राट अशोक’चे, स्वागत केले होते, त्याच शहराचा ह्या जातीच्या विमानाने अशा रीतीने निरोप घेतला.

त्या विमानांचे वैभव मोठे होते. खिडक्यांभोवती बाहेरून राजवाड्यातील झरोक्यांसारखी नक्षी रंगविलेली असे. पाठीवर दुसरा मजला होता. लांबी सत्तर मीटरांहून अधिक. शेपटीचे टोक सहा मजली इमारतीइतके उंच. २०२० साली चीनमधील वूहान शहरात कोरोनाची साथ पसरली, तेव्हा तेथे अडकलेल्या ३२४ भारतीयांना पहिल्या खेपेस मायदेशी आणले ते ह्याच जातीच्या विमानाने. असे उपयोगी विमान मोडलेले नव्हते, पडलेले नव्हते; ते मुंबईहून अमेरिकेपर्यंत स्वतःच्या पंखांनी उडत गेले. मग त्याला निवृत्त का केले?

ह्याचे उत्तर समजण्यासाठी विमान म्हातारे कसे होते, हे आधी पाहिले पाहिजे. माणसाचे वय वर्षांनी मोजतात. विमानाचे वय मात्र तीन मापांनी मोजावे लागते: त्याला किती वर्षे झाली, ते किती तास उडाले आणि ते किती वेळा वर जाऊन खाली उतरले. ह्यांपैकी तिसरे माप फार महत्त्वाचे आहे. विमान पस्तीस हजार फुटांवर जाते, तेव्हा बाहेरची हवा इतकी विरळ असते की तीत माणसाला धड श्वास घेता येत नाही. म्हणून आत हवा भरून दाब वाढवावा लागतो. तरीही आतील दाब जमिनीवरच्या इतका ठेवीत नाहीत; तो साधारण आठ हजार फूट उंचीवर असतो तितका, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखरावरील दाबाहूनही कमी असू शकतो. असे असले तरी बाहेरच्या मानाने तो पुष्कळच जास्त असतो. त्यामुळे विमानाचे धड फुग्याप्रमाणे अगदी किंचित फुगते. खाली उतरल्यावर पुन्हा पूर्ववत होते. एक उड्डाण म्हणजे एक फुगणे आणि एक आकसणे.

एखादी बारीक तार बोटांनी एकदा वाकविली तर तिला काही होत नाही. परंतु तीच तार त्याच जागी पुनःपुन्हा वाकवीत राहिले, तर ती तुटते. धातूच्या ह्या थकण्याला ‘धातूची शिणवट’ म्हणता येईल. विमानांच्या इतिहासात ह्या शिणवटीचा धडा फार मोठी किंमत देऊन शिकावा लागला. १९५२ सालच्या मे महिन्यात ‘कॉमेट’ ह्या ब्रिटिश विमानाने लंडन ते जोहान्सबर्ग अशी जगातील पहिली जेट प्रवासी सेवा सुरू केली. परंतु १९५४ साली, जानेवारीत एक आणि एप्रिलमध्ये एक, अशी दोन कॉमेट विमाने भूमध्य समुद्रावर उडत असता आकाशातच फुटली. कारण कोणालाच उमजेना. तेव्हा इंग्लंडमधील फार्नबरो येथील संशोधकांनी एका संपूर्ण कॉमेट विमानाचे धड पाण्याच्या टाकीत बुडविले. आत पाणी दाबाने भरावयाचे व पुन्हा दाब कमी करावयाचा, असे ते दिवसरात्र करीत राहिले. ते विमान पूर्वी १,२२१ वेळा प्रत्यक्ष उडालेले होते. टाकीतील आणखी १,८३६ फेऱ्यांनंतर त्याचे धड फाटले. आकाशात काय घडले होते, ते पाण्यात दिसले. बाहेरून सुंदर दिसणाऱ्या पत्र्यामध्ये, खिडकीसारख्या उघड्या जागांच्या कोपऱ्यांपाशी, डोळ्यांना न दिसणारे तडे वाढत गेले होते.

पुढे विमानांची रचना सुधारली. तरी धातूचा स्वभाव बदलला नाही. १९८८ सालच्या २८ एप्रिलला अमेरिकेच्या हवाई बेटांवर घडलेली घटना हेच सांगते. आलोहा एअरलाइन्सचे एक बोइंग ७३७ विमान एका बेटावरून दुसऱ्या बेटावर चालले होते. वय १९ वर्षे. हे वय फार नव्हे. परंतु बेटांमधील अंतरे लहान असल्यामुळे दिवसातून अनेकदा चढावयाचे व उतरावयाचे, असा त्याचा क्रम होता. अशा ८९,६८० फेऱ्या त्याच्या झाल्या होत्या. विमान बनविताना ७५,००० फेऱ्यांचा हिशेब धरलेला होता. त्यात समुद्राच्या खाऱ्या, दमट हवेने सांधे पोखरलेले. चोवीस हजार फुटांवर असताना विमानाच्या पुढील भागाच्या छताचा सुमारे अठरा फूट लांबीचा तुकडा एकाएकी उडून गेला. एक अनुभवी सेविका वाऱ्याच्या झोतात बाहेर फेकली गेली व प्राणास मुकली. प्रवाशांनी कमरेचे पट्टे बांधलेले होते म्हणूनच ते जागच्या जागी राहिले. वैमानिकांनी विलक्षण धैर्याने ते उघडे विमान सुमारे तेरा मिनिटांत जमिनीवर उतरविले.

ह्या अपघाताच्या चौकशीत एक गोष्ट पुढे आली, ती विसरण्यासारखी नाही. विमानात चढताना एका प्रवाशाला दाराजवळ पत्र्यात तडा दिसला होता. परंतु ती व्यक्ती कोणालाच काही बोलली नाही. जाणत्या माणसांच्या लक्षात ते आले असेलच, असे आपणा सर्वांनाच अशा वेळी वाटत असते. त्या एका मौनाची किंमत केवढी झाली!

ह्या घटनेनंतर जुन्या विमानांच्या तपासणीचे नियम अधिक कडक झाले. आज प्रत्येक विमानाची तपासणी ठरलेल्या अंतराने होते. काही तपासण्या एका रात्रीत उरकतात. काहींना आठवडाभर किंवा अधिक काळ लागतो. सर्वांत मोठी तपासणी साधारणपणे सहा ते दहा वर्षांतून एकदा करतात. त्या वेळी आसने, गालिचे, भिंतींचे आवरण, सामानाचे कप्पे असे सर्व काही काढून विमान आतून नागवे करतात. रंग खरवडतात. मग प्रत्येक सांधा, प्रत्येक पट्टी पाहतात. डोळ्यांना न दिसणारे तडे शोधण्यासाठी क्ष-किरण, ध्वनिलहरी आणि विद्युत्प्रवाह ह्यांचा उपयोग करतात. ह्या कामाला कित्येक आठवडे आणि हजारो तासांची मेहनत लागते. शिवाय २०१० साली अमेरिकेच्या विमान नियामक संस्थेने मोठ्या प्रवासी विमानांच्या प्रत्येक जातीसाठी फेऱ्यांची किंवा तासांची मर्यादा ठरविण्याचा नियम केला. त्या मर्यादेपलीकडे नवा पुरावा दिल्यावाचून विमान उडविता येत नाही.

तेव्हा नीट तपासलेले जुने विमान धोक्याचे असते असे नाही. परंतु जसजसे वय वाढते, तसतशी तपासणीत अधिकाधिक दुरुस्ती निघते आणि खर्च वाढत जातो. विमान कंपनीच्या वहीत मग दोन आकडे समोरासमोर उभे राहतात. एका बाजूला पुढील मोठ्या तपासणीचा, दुरुस्तीचा आणि इंधनाचा खर्च. दुसऱ्या बाजूला ते विमान त्यानंतर मिळवून देईल ते उत्पन्न. पहिला आकडा दुसऱ्याहून मोठा झाला की विमानाच्या निवृत्तीची वेळ आली असे समजतात. म्हणूनच पुष्कळ विमाने मोठ्या तपासणीची तारीख जवळ आली असतानाच निवृत्त होतात.

‘आग्रा’ विमानाच्या बाबतीत इंधनाचा आकडा निर्णायक ठरला. बोइंग ७४७ ला चार इंजिने असतात. पूर्वी लांबच्या समुद्रप्रवासाला दोनाहून अधिक इंजिनांचे विमानच योग्य, असा नियमांचा रोख होता. दोन इंजिनांच्या विमानाने जवळच्या विमानतळापासून साठ मिनिटांच्या अंतराबाहेर जाऊ नये असे बंधन होते. परंतु इंजिने अधिक भरवशाची होत गेली आणि १९८५ साली हे अंतर १२० मिनिटांपर्यंत वाढविण्यास परवानगी मिळाली. पुढे ते आणखी वाढले. मग बोइंग ७७७ सारखी दोन इंजिनांची विमाने तेच महासागर कमी इंधनात ओलांडू लागली. दोन बैलांनी ओढता येणाऱ्या गाडीला चार बैल कोण जुंपील? जगभरच्या कंपन्यांनी ७४७ विमाने एकेक करून बाजूस काढली. २०२० साली कोरोनाच्या साथीत विमानप्रवास जवळजवळ थांबला, तेव्हा ब्रिटिश एअरवेज आणि क्वांटास ह्यांनी आपली उरलेली सर्व ७४७ विमाने एकदमच निवृत्त केली. एअर इंडियाच्या ७४७ ने २०२१ च्या मार्चमध्ये प्रवाशांसह शेवटचे उड्डाण केले आणि पुढच्या वर्षी त्या विमानांची भारतातील नोंदणी रद्द झाली. १,५७४ विमाने बनवून झाल्यावर ७४७ चे उत्पादनही थांबले. शेवटचे विमान २०२३ च्या जानेवारीत कारखान्यातून ग्राहकाच्या हाती गेले.

परंतु विमान बाजूस काढणे म्हणजे जुना कंदील माळ्यावर टाकण्याइतके सोपे नाही. विमानाची तिकिटे कित्येक महिने आधी विकली जातात. कोणी बहिणीच्या लग्नाला जावयाचे म्हणून, कोणी परदेशी शिकावयास जावयाचे म्हणून, तर कोणी रुग्णालयातील तारीख गाठावयाची म्हणून तिकीट काढलेले असते. त्या तिकिटावर आसनाचा क्रमांकही पुष्कळदा ठरलेला असतो. आणि प्रत्येक जातीच्या विमानातील आसनांची मांडणी वेगळी असते. एअर इंडियाच्या ७४७-४०० विमानात ४२३ आसने होती: पहिल्या वर्गाची १२, बिझनेस वर्गाची २६ आणि सामान्य वर्गाची ३८५. त्याच कंपनीच्या ७७७-३०० ईआर विमानात पूर्वी ३४२ आसने असत: अनुक्रमे ४, ३५ आणि ३०३. समजा, पहिल्या विमानाच्या हिशेबाने तिकिटे विकली गेली आणि उड्डाणाच्या दिवशी दुसरे विमान उभे राहिले, तर ८१ आसने कमी पडतील. एवढेच नव्हे, तर पहिल्या वर्गातील नऊ प्रवासी असतील तर त्यांपैकी पाचांना खालच्या वर्गात बसावे लागेल.

कमी पडणारी आसने ऐन वेळी वाढविता का येत नाहीत? विमानाच्या फरशीत धातूच्या लांबच लांब पट्ट्या बसविलेल्या असतात. आसने त्यांवर घट्ट अडकविलेली असतात. कारखान्यात ती पुढेमागे सरकविता येतात हे खरे. तथापि आसनांची संख्या लहरीवर अवलंबून नसते. विमानातील सर्व माणसे, निम्म्याच दारांतून, ९० सेकंदांच्या आत बाहेर पडू शकली पाहिजेत, अशी कसोटी प्रत्येक नव्या जातीच्या विमानाला लावतात. एअरबस ए-३८० ह्या दुमजली विमानाची अशी परीक्षा २००६ साली झाली, तेव्हा अंधारात ८७३ माणसे ७८ सेकंदांत बाहेर पडली. जितकी दारे, तितकीच माणसे, असा हा हिशेब आहे. शिवाय दर पन्नास आसनांमागे किमान एक सेवक किंवा सेविका असावी लागते. आसनसुद्धा साधी खुर्ची नव्हे. अपघाताचा हिसका बसला असता ते मोडू नये, म्हणून गुरुत्वाकर्षणाच्या सोळापट ओढ सोसण्याची परीक्षा त्याला द्यावी लागते. त्याचे आवरण लवकर पेट घेणारे नसावे लागते. अशा परीक्षा दिल्यावाचून एकही आसन विमानात चढत नाही.

म्हणून विमान बदलावयाचे ठरले की कंपनीच्या कचेरीत नव्या आसनांची वाटणी सुरू होते. शहाणी कंपनी हे काम कित्येक महिने आधी करते. जुन्या विमानाची निवृत्ती ज्या दिवसापासून ठरली असेल, त्या दिवसानंतरची तिकिटे ती नव्या विमानाच्या हिशेबानेच विकते. तरीही कधी बिघाड होतो, कधी नवे विमान वेळेवर येत नाही आणि मग बदल थोड्या वेळात करावा लागतो. गणकयंत्र प्रथम जुन्या आराखड्यातील प्रवासी नव्या आराखड्यात बसविते: खिडकीजवळचा शक्यतो खिडकीजवळ, वाटेकडचा शक्यतो वाटेकडे. परंतु यंत्राला सर्वच कळत नाही. आणीबाणीच्या दाराजवळील रांगेत लहान मुलाला किंवा दार उघडण्यास असमर्थ असलेल्या व्यक्तीला बसविता येत नाही. अपंग प्रवाशाला सोयीची जागा द्यावी लागते. तेव्हा शेवटचा हात माणसालाच फिरवावा लागतो. अशा अदलाबदलीत कुटुंबांची ताटातूट होऊ नये, म्हणून भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०२४ सालच्या एप्रिलमध्ये कंपन्यांना सूचना दिली. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच तिकिटावर प्रवास करणाऱ्या आईवडिलांपैकी किंवा पालकांपैकी निदान एकाच्या शेजारी आसन मिळाले पाहिजे, असे तीत म्हटले आहे.

वरच्या वर्गाचे तिकीट असून एखाद्याला त्याच्या इच्छेविरुद्ध खालच्या वर्गात बसवावे लागले, तर? २०२३ सालच्या फेब्रुवारीपासून लागू झालेल्या भारतीय नियमानुसार देशांतर्गत प्रवासात अशा प्रवाशाला करांसह तिकिटाच्या ७५ टक्के रक्कम परत द्यावी लागते. परदेशच्या प्रवासात अंतर पाहून ३०, ५० किंवा ७५ टक्के रक्कम परत मिळते. आणि माणसे जास्त व आसने कमी अशी वेळ आलीच, तर कंपनीने प्रथम स्वखुशीने मागे राहणारे प्रवासी शोधावेत, त्यांना योग्य तो मोबदला द्यावा, असा नियम आहे. कोणाला बळेच मागे ठेवले, तर त्याची दुसऱ्या विमानाने सोय करावी लागते आणि ती तासाभरात झाली नाही तर नुकसानभरपाईही द्यावी लागते. तिकीट हे केवळ कागदाचा कपटा नसते. ते एक वचन असते. ज्या विमानाच्या भरवशावर वचन दिले ते निवृत्त झाले, तरी वचन निवृत्त होत नाही.

प्रवाशांची अशी सोय लागली की जुने विमान मोकळे होते. मग त्याचा प्रवास बहुधा एखाद्या कोरड्या प्रदेशाकडे सुरू होतो. अमेरिकेतील मोहावे व व्हिक्टरव्हिल, स्पेनमधील तेरुएल, ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागातील ॲलिस स्प्रिंग्ज येथे विमाने ठेवण्याची मोठी ठिकाणे आहेत. ती वाळवंटी किंवा रुक्ष प्रदेशातच का असावीत, हे कोकणात राहणाऱ्याला सांगावयास नको. पावसाळ्यात दाराच्या कड्या-कोयंड्यांवर चढणारा गंज सर्वांच्या परिचयाचा आहे. विमानाच्या धातूलाही ओलावा हाच शत्रू. कोरड्या हवेत विमान कित्येक वर्षे सुस्थितीत राहते. तेथे त्याच्या इंजिनांची तोंडे झाकतात, आत ओलावा शोषणाऱ्या पुड्या ठेवतात, खिडक्यांवर उन्हापासून बचावासाठी चकचकीत पत्रे लावतात. पाखरांनी घरटी करू नयेत म्हणून लहानसहान छिद्रे बुजवितात. चाकांवर एकाच जागी भार पडू नये म्हणून ती अधूनमधून फिरवितात. २०२० साली अशी रांगेने निजविलेली शेकडो विमाने साथ ओसरल्यावर पुन्हा जागी झाली व कामावर रुजू झाली. काही जुन्या प्रवासी विमानांची आसने काढून, बाजूला मोठे दार बसवून त्यांची मालवाहू विमाने करतात. प्रवाशांची सेवा संपल्यावरही ती पुष्कळ वर्षे टपाल, औषधे, फळे आणि यंत्रे वाहून नेतात.

ज्यांना पुन्हा उडावयाचे नसते, त्यांचे भाग सोडवितात. ह्या कामाला ‘मोडणे’ हा शब्द अपुरा आहे. खरे म्हणजे ते उलट्या क्रमाने केलेले बांधकामच होय. एका ७४७-४०० मध्ये सुमारे ६० लाख भाग असतात. त्यांपैकी निम्मे तर रिव्हेट, बोल्ट आणि खिळेच असतात. प्रथम इंजिने उतरवितात, कारण जुन्या विमानाची बहुतेक किंमत त्यांतच असते. मग चाकांची जोडणी, वैमानिकांच्या कक्षातील उपकरणे, पंप, झडपा, दारे असे भाग निघतात. प्रत्येक भागाबरोबर त्याचा कागद असतो. तो कोठे बनला, कोणत्या विमानावर होता, किती तास व किती फेऱ्या चालला, हे सर्व त्यात नोंदलेले असते. असा भाग तपासून, प्रमाणपत्र देऊन दुसऱ्या उडत्या विमानाला बसवितात. ज्याचा कागद हरवला, तो भाग वरून कितीही चकचकीत दिसला तरी विमानात बसवीत नाहीत. विमानाच्या जगात वस्तूइतकेच तिच्या इतिहासालाही मोल आहे.

शेवटी उरते ते रिकामे धड. ते कापून त्यातील ॲल्युमिनियम वितळवितात व नव्या वस्तू बनविण्यासाठी वापरतात. फ्रान्समधील तार्ब येथे एअरबस कंपनीने २००५ साली सुरू केलेल्या एका प्रयोगात, एका जुन्या विमानाच्या वजनाचा सुमारे ८५ टक्के भाग पुन्हा उपयोगात आणता येतो असे दिसून आले. पुढचे आव्हान मात्र मोठे आहे. बोइंग ७८७ सारख्या नव्या विमानांत वजनाने निम्मा भाग कार्बनच्या धाग्यांपासून बनविलेल्या पदार्थांचा असतो. तो हलका आणि बळकट असतो. परंतु ॲल्युमिनियमप्रमाणे वितळवून त्याची नवी वस्तू करता येत नाही. आज उडणारी ही विमाने निवृत्त होतील, तेव्हा त्यांचे काय करावयाचे, हा प्रश्न आज शाळेत शिकणाऱ्या मुलामुलींनाच सोडवावा लागेल.

काही भाग्यवान विमानांना वेगळेच जीवन लाभते. अगदी पहिले ७४७ अमेरिकेतील सिॲटल शहराच्या विमान संग्रहालयात जपून ठेवलेले आहे. जर्मनीतील स्पायर येथील संग्रहालयात एक ७४७ उंच खांबांवर उभे आहे व लोक जिन्याने चढून त्यात जातात. स्वीडनच्या स्टॉकहोम शहराच्या विमानतळाजवळ एका ७४७ चे विश्रामगृह करण्यात आले होते. ‘आग्रा’ विमान मात्र जुनी विमाने व त्यांचे सुटे भाग ह्यांचा व्यापार करणाऱ्या एका अमेरिकी कंपनीने विकत घेतले होते. अशा विमानांची इंजिने, चाके किंवा झडपा दुसऱ्या एखाद्या विमानावर चढून पुन्हा आकाश पाहू शकतात.

विमानाची निवृत्ती ही अशी एका दिवसाची गोष्ट नसते. पहिल्या उड्डाणापासून लिहिल्या जाणाऱ्या प्रामाणिक नोंदींतून ती हळूहळू तयार होत असते. प्रत्येक फेरी मोजणारा लिपिक, दिव्याच्या उजेडात बारीक तडा शोधणारा कारागीर, नव्या विमानात आईशेजारी तिच्या मुलाची जागा राखणारा कर्मचारी, हे सर्व प्रवाशांना अपरिचितच राहतात. पण विमानाला वेळेवर थांबविता येते ते ह्याच माणसांच्या दक्षतेमुळे. १९८८ सालच्या त्या विमानाला कोणी वेळेवर थांबविले नाही, ‘आग्रा’ला थांबविले. म्हणूनच ते मुंबईकरांना पंख हालवून निरोप देऊ शकले.